चवळी मक्याच्या डोक्यावर बसली, आता काय करू?

पत्र थोडक्यात, नाव-गाव गाळून: लिहिणारी डिचोली तालुक्यातली, वय ३६. घरी नवरा, सासूबाई, दोन मुलं आणि दोन गायी. नवरा फॅक्टरीत शिफ्टला. घरामागे २००० चौरस मीटर मरड, म्हणजे उंचावरची जमीन, आणि खाली वाटणीला आलेला शेताचा तुकडा, त्यात पावसाळ्यात भात होतं नि मग ते मेपर्यंत तसंच पडून. गेल्या जूनमध्ये तिने व्हिडिओ बघून मरडीवर स्वीट कॉर्न आणि चवळी एकत्र लावली. व्हिडिओवाला सांगत होता की चवळी हवेतला नायट्रोजन मक्याला देते, खत लागत नाही, एका जागेत डबल इन्कम. तिने दोन्ही बिया एकाच ओळीत टाकल्या, युरिया घातलाच नाही. जुलैत मका पिवळा पडला, चवळी त्याच्यावर चढली, एका वाऱ्यापावसात अर्धा प्लॉट आडवा, शेंगा कुजल्या, राहिलेल्या कणसांत अळी. सासूबाई म्हणतात, एका शेतात दोन पिकं म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, कुळीथ पेर नि गप बस. नवरा म्हणतो काजू लाव आणि विषय संपव. तिचं विचारणं असं की, यंदा नुसता मका लावू का युरिया घालून, की परत एकदा मका-चवळी करून बघू, आणि सासूबाईंना पटवू कसं?

बाय, तू मला काकी म्हणून लिहिलंयस म्हणून मी पण सरळ अगं-तुगं करते, चालवून घे.

पत्र वाचताना मी दोनदा थांबले. एकदा त्या आडव्या झालेल्या प्लॉटचं वर्णन वाचून, ते दुःख ज्याने पेरलंय त्यालाच कळतं, आणि एकदा 'युरिया घातलाच नाही' या वाक्यावर. खरी गोची तिथेच आहे, सासूबाईंच्या तलवारींकडे मागाहून येऊ.

चवळी हवेतला नायट्रोजन घेते हे खरंय, व्हिडिओवाला तेवढं खोटं बोलला नाही. तिच्या मुळांवर गाठी येतात, त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन पकडून चवळीला देतात नि बदल्यात तिच्याकडून साखर खातात. पण यात मका कुठे आला? हा व्यवहार चवळी आणि जिवाणूंमधला, शेजारी उभा असलेला मका काही त्यात पार्टनर नाही. त्याच हंगामात चवळीकडून मक्याला मिळणारा नायट्रोजन अगदी थोडा असतो, मक्याचं पोट भरेल एवढा तर नाहीच नाही. मक्याला फायदा होतो तो वेगळा, की चवळी आपली सोय आपण बघते, मातीतल्या नायट्रोजनवर तुटून पडत नाही, म्हणून मातीत जे काय आहे ते मक्याला उरतं. आता मातीत असेल तर उरणार ना! आपली मरड म्हणजे जांभ्या दगडाची लाल माती, वर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जूनमध्ये तिच्यात विरघळणारं जे काही असतं ते जुलैत खालच्या ओहोळात गेलेलं असतं. तुझा मका उपाशी होता. खालची पानं आधी पिवळी पडली का ते आठव, टोकाकडून मधल्या शिरेच्या कडेने आत जाणारा, व्हीच्या आकाराचा पिवळेपणा. तसा असेल तर ती नायट्रोजनची भूक, रोग-बिग काही नाही.

चवळीचा नायट्रोजन मिळतो तो पुढच्या पिकाला, तिचा पाला आणि मुळं मातीत कुजली की. आणि त्यातही एक मेख आहे. नायट्रोजनचा मोठा वाटा दाण्यात जाऊन बसतो, दाणे म्हणजे प्रोटीन आणि प्रोटीन म्हटलं की नायट्रोजन आलाच, म्हणजे तू शेंगा तोडून म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात नेल्यास की तो पण पिशवीत बसून म्हापशाला गेला. म्हणून शेवटी वेल उपटून काढू नको, विळ्याने जमिनीलगत काप, मुळं आत राहू देत.

त्या गाठी चालू आहेत की नाहीत हे तरी कुणी बघितलंय? मी पहिल्यांदा लावली तेव्हा मी पण नव्हती बघितली. माझ्याकडे पेडण्यात अशीच मरड आहे, तिथे पहिल्या वर्षी चवळी दिसायला हिरवीगार नि शेंगा मात्र बोटभर, तेव्हा एका ओळखीच्या कृषी सहाय्यकाने झाड खणायला लावलं. हिसडायचं नाही हं, गाठी मातीत तुटून राहतात. झाडाच्या बाजूने कुदळीने खणून अख्खा गड्डा वर काढायचा, बादलीत पाण्यात हळूहळू हलवायचा, माती सुटली की मुळांना चिकटलेले मणी दिसतात. एक मणी नखाने चिरायचा. आत लालसर, मटणाच्या तुकड्यासारखा गुलाबी रंग दिसला की कारखाना चालू, पांढरट किंवा हिरवट दिसला की बंद. मी सात झाडं काढली, पाचांना मोजून तीन-चार मणी, ते पण पांढरे! म्हणजे माझी चवळी हवेतलं काही घेत नव्हती, ती पण मक्यासारखी मातीतलंच खात होती. दोन भुकेले एका ताटात बसवले होते मी.

कारण काय तर माती आंबट. आपल्याकडच्या जांभ्या मातीचा पीएच बऱ्याच ठिकाणी ५.५ च्या खाली असतो, तिथे या जिवाणूंना जड जातं, शिवाय फॉस्फरस लोखंड आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतो नि मुळांना मिळत नाही. उपाय म्हणजे चुना, पण मातीची तपासणी करून मगच, अंदाजाने ओतू नकोस, जास्त झाला तर वेगळ्या गोष्टी बिघडतात. मग पेरताना बियाण्याला रायझोबियम, तुझ्याएवढ्या प्लॉटला एक पाकीट उरून उरेल कारण २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्यावर चोळायचं, सावलीत सुकवायचं नि त्याच दिवशी पेरायचं. पाकीट उन्हात स्कूटरच्या डिकीत दोन तास ठेवलंस तर आतले जिवाणू मेले असं समज (हे मी केलंय). आणि पस्तीस-चाळीस दिवसांनी एक-दोन झाडं खणून मणी चिर, दहा मिनिटांचं काम आहे.

आता डबल इन्कम. हे ऐकलं की मला जरा रागच येतो, कारण यामुळेच माणूस दोन्ही बिया दाटीवाटीने ओततो. मिश्र पिकाचा हिशेब करायची एक सरळ रीत आहे. समजा १००० चौरस मीटरात नुसता मका लावून १००० कणसं आली (खरी जास्त येतात, हिशेबाला सोपं म्हणून), आणि नुसती चवळी लावून १०० किलो शेंगा. आता त्याच १००० मीटरात दोन्ही मिळून ८५० कणसं नि ४५ किलो शेंगा आल्या तर मका ०.८५ आणि चवळी ०.४५, बेरीज १.३०. म्हणजे एवढंच पीक वेगवेगळं काढायला तुला १३०० मीटर लागले असते. चांगलं आंतरपीक हे असं असतं. मका थोडा कमीच येतो, चवळी निम्म्याच्या आसपास येते, पण एकूण जागा वाचते, आणि एक पीक गेलं तर दुसरं हाताला राहतं. बेरीज २ झाली असं कुणी सांगितलं तर त्याला बांधावर चहा पाज आणि घरी पाठव. बेरीज १ च्या खाली गेली तर समजायचं की दोघं भांडतायत, आणि तुझी गेल्या वर्षीची बेरीज मी काढत नाही, राहू दे. फक्त ही बेरीज जमिनीची आहे, पैशाची नाही, शेंगा तोडायला मक्याच्या ओळीत शिरलं की पानांनी हात किती कापतात ते तुला माहीत आहेच, ती मजुरी यात कुठेच धरलेली नाही.

म्हणून यंदा जे काय लावशील त्यात एका कडेला दहा बाय दहा मीटरचा नुसता मका आणि तेवढीच नुसती चवळी ठेव. वहीत लिही. दोन वर्षांत तुझ्याकडे तुझ्याच जमिनीचा आकडा असेल.

आता त्या दोन तलवारी. बाय, सासूबाईंना एक विचार, त्यांच्या लहानपणी डोंगराला नाचणी करायचे तेव्हा त्या नाचणीत काय काय असायचं? मी पैजेवर सांगते, तूर असणार, उडीद असणार, कडेला तवशी नि चिबूड असणार. तेव्हा त्याला आंतरपीक असलं नाव नव्हतं एवढंच, आणि हिशेब त्यांना व्हिडिओवाल्यापेक्षा जास्त कळत होता. तूर पहिले दोन-तीन महिने नुसती रांगत असते, नाचणीला तिचा त्रासच नाही, नाचणी कापून घरात आली की मग तूर हातपाय पसरते. आफ्रिकेत मलावीमध्ये लोक मक्यात तूर घालतात ती याच हिशेबाने, दोघांची भुकेची वेळ वेगळी. तुझ्या प्लॉटमध्ये दोघांनाही एकाच दिवशी, एकाच ओळीत, एकाच वेळी ऊन हवं होतं. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं चुकीचं असलं तरी तू केलेल्या लावणीपुरतं बरोबर होतं, आणि हे तू त्यांच्यासमोर कबूल केलंस तर अर्धं काम तिथेच होईल.

मग कुणी म्हणेल की मेक्सिकोत तर हजारो वर्षं मक्यावर घेवडा चढवतात नि खाली भोपळा सोडतात, तिथे कसा मका पडत नाही? तो मका वेगळा गं. उंच, जाड ताटाचा गावठी मका, एकमेकांपासून लांब आळ्यांत लावलेला, घेवडा चढतो तोवर ताट घट्ट झालेलं, आणि कणसं झाडावरच वाळू देतात. आपलं स्वीट कॉर्न म्हणजे बुटकं, कोवळं, ७५-८० दिवसांत कोवळंच तोडायचं. त्याच्यावर वेल चढवणं म्हणजे कॉलेजच्या पोराच्या खांद्यावर भाताचं पोतं. मका आपल्याकडे पोर्तुगिजांच्या जहाजांतून आला असं मानतात, पण त्यांनी मका आणला नि लावायची रीत मात्र तिथेच ठेवली.

आता माझा तुला खरा प्रश्न, जूनच का? पाऊस पडतो म्हणून पेरायचं ही आपली सवय, आणि भाताला ती ठीकच आहे. पण मक्याच्या मुळांना हवा लागते, दोन दिवस पाणी तुंबलं की कोवळा मका पिवळा पडून बसतो, वरून जुलैत ढग एवढे की ऊन आठवड्यातून दोन तास, आणि मका हे उन्हावर जगणारं पीक. त्यात युरिया टाकला तर तो पण वाहून जाणार. त्यामुळे 'नुसता मका, युरिया घालून, जूनमध्ये' हा तुझा पहिला पर्याय मला सगळ्यात कमी आवडला. पैसे जातील आणि सासूबाईंना दुसरी म्हण सापडेल.

जूनमध्ये मरडीवर दोन्ही लावायचंच असेल तर कणसाचा नाद सोड आणि गायींसाठी लाव. आफ्रिकन टॉल मका आणि चाऱ्याची चवळी, दोन ओळी मका, एक ओळ चवळी, उंच वरंब्यावर, आणि मरडीला उतार असेल तर ओळी उताराला आडव्या, म्हणजे चवळीचं आच्छादन मातीही धरून ठेवेल. साठ दिवसांच्या आसपास, तुरा बाहेर पडला की कापायला घ्यायचं. मग झाड आडवं झालं काय नि शेंग कुजली काय, गायीला फरक पडत नाही. मक्यात ताकद असते पण प्रोटीन कमी, चवळीत ते असतं, दोन्ही मिळून दावणीत टाकलं की पेंड थोडी कमी लागते. फक्त ओली चवळी एकदम पोटभर देऊ नकोस, गाय फुगते, भाताचा पेंढा मिसळून दे. नाहीतरी पावसात हिरवा चारा काढायला तू नि सासूबाई किती भिजता ते मी कल्पना करू शकते. थोडं खत याला पण लागेल, पण ते शेणखतात भागवता येईल, आणि कणसाची रिस्क नाही. मेरेवर, म्हणजे बांधावर, तूर टोच, ती जानेवारीपर्यंत आपली आपण उभी राहील.

कणसासाठी मात्र खालचं शेत. भात कापल्यावर, दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या मध्याला. तेव्हा ऊन भरपूर, वारा-पाऊस नाही, खत जिथे घालशील तिथे राहतं. पण पाणी आहे का? पत्रात तू पाण्याचं काहीच लिहिलं नाहीस आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. भाताच्या मागे राहिलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे आपली गावठी चवळी, येतात, कुळीथ येतो, मका येत नाही. मक्याला आठ-दहा दिवसांनी पाणी हवं, आणि तुरा येऊन कणसाला केस सुटतात त्या पंधरवड्यात तर चुकवून चालतच नाही, तेव्हा तहानला तर कणसात दाणे भरत नाहीत, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी कणसं येतात. तिळारीच्या कालव्याचं पाणी तुमच्या बाजूला पोचत असेल, ओहोळावर बंधारा असेल, नाहीतर विहीर फेब्रुवारीपर्यंत टिकत असेल तर कर. यातलं काहीच नसेल तर सासूबाईंचं ऐक, खाली अळसांदे नाहीतर कुळीथ पेर आणि मक्याचं नाव काढू नको. मी हे मनापासून सांगतेय, तोंडदेखलं नाही. मेमध्ये पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजारात गावठी अळसांद्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तोणक, आपला नारळाच्या वाटणाचा रस्सा, काय त्या बाहेरून आलेल्या बारीक चवळीचं होतं का!

पाणी आहे असं धरून लावायचं कसं ते सांगते. पहिल्या वर्षी १००० मीटरच घे. नेहमीच्या ६० सेंटिमीटरच्या ओळींऐवजी जोडओळ कर, म्हणजे मक्याच्या दोन ओळी ४५ सेंटिमीटरवर, मग ७५ सेंटिमीटर मोकळं, परत दोन ओळी. झाडांत २० सेंटिमीटर. हिशेब करून बघ, ४५ आणि ७५ मिळून १२०, म्हणजे ओळीमागे ६०च पडतात, मक्याची झाडं एकही कमी होत नाहीत, १००० मीटरात आठ हजारांच्या वर बसतात, फक्त त्यांना थोडं सरकवून मधे चवळीला अंगण करून दिलं. बियाणं साधारण किलोभर मक्याचं आणि किलोभर चवळीचं.

चवळी बुटकी, झुडपी जातीची असेल तर मक्याच्या बरोबरच पेरली तरी चालते, ती सत्तर-पंच्याहत्तर दिवसांत आटपते. गावठी अळसांदे असतील तर थांब, ते वेल टाकतात. मका गुडघ्याला लागायला आला, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, मक्याला खताचा हप्ता देऊन माती चढवायची आणि मग मोकळ्या पट्ट्यात मधोमध अळसांदे टोचायचे. मक्याच्या सावलीत ते जरा हळूच वाढतील, वाढू देत. कणसं तोडली की ताटं लगेच कापून गायींना, आणि मग पुढचा महिनाभर सगळं ऊन अळसांद्यांचं, पाणी कमी पडलं तरी ते तग धरतात. हीच सासूबाईंच्या नाचणी-तुरीची रीत झाली ना?

खताचं म्हणशील तर मक्याला हेक्टरी १२० किलो नायट्रोजनच्या आसपास शिफारस असते, १००० मीटरला १२ किलो, युरियात मोजला तर २६ किलो. तुला ऑरगॅनिक करायचं असेल तर कर, पण आकडा समोर ठेवून कर. कुजलेल्या शेणखतात १०० किलोमागे अर्धा किलोच्या आसपास नायट्रोजन, आणि तो पण सगळा पहिल्याच वर्षी मिळत नाही. दोन गायींचं वर्षभराचं खत या १००० मीटरला घातलंस तर बरीच मजल जाईल, पण मग माडांना नि मरडीला काय उरणार? मी स्वतः अर्धं शेणखत अर्धा युरिया करते, लोक मला दोन्ही बाजूंनी बोलतात. युरिया घातलास तर तीन हप्त्यांत, मक्याच्या ओळीला चिकटून घाल, चवळीच्या पट्ट्यात उधळू नकोस. आयता युरिया मिळाला की चवळी गाठी करायचा आळस करते.

तणाचं एक सांगून ठेवते कारण यात मी पोळलेय. एका वर्षी मजूर मिळेना म्हणून दुकानात जाऊन मक्याचं तणनाशक मागितलं, त्याने ॲट्राझिन दिलं, मक्याला ते चालतंच, त्याची चूक नाही म्हणा, मी चवळीचं सांगितलंच नव्हतं. फवारलं. बारा दिवसांत चवळीची पानं कडेने करपत करपत सगळी लाईन साफ, मका मात्र मधे दिमाखात उभा. दुकानात 'मक्याचं औषध' असं कधी मागू नको, 'मका आणि चवळी एकत्र आहे' असं सांगून माग, आणि तुझ्याएवढ्या प्लॉटला खरं तर दोन खुरपण्या पुरतात, नंतर चवळीच जमीन झाकते.

अळीचं. तुझ्या कणसात होती ती बहुतेक लष्करी अळी, ही अमेरिकेकडची, भारतात २०१८ मध्ये पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि मग सगळीकडे पसरली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडे चार ठिपके चौकोनात, असं दिसलं की तीच. कणसापर्यंत पोचायची वाट बघायची नाही, पेरल्यापासून दोन आठवड्यांनी रोज सकाळी फेरी मार, पानावर खिडकीच्या काचेसारखे पारदर्शक ओरखडे आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की लगेच पोंग्यात निंबोळी अर्क, लहान प्लॉटला हाताने वेचणं पण जमतं. मिश्र पिकात कोळी, ढालकिडे जास्त राहतात, थोडी मदत होते, पण चवळी लावली म्हणून अळी येणारच नाही असं नाही. केनियात मक्यात डेस्मोडियम नावाची कडधान्याच्याच कुळातली वनस्पती लावतात, तिच्या वासाने पतंग पळतात नि कडेच्या नेपियर गवताकडे जातात, ते चांगलं चालतं म्हणे, पण आपली चवळी म्हणजे डेस्मोडियम नव्हे. आणि रासायनिक फवारलंस तर चवळीच्या शेंगा त्याच आठवड्यात तोडून विकायच्या नाहीत, डब्यावर जितके दिवस थांबायला लिहिलंय तितके थांबायचं, हा मिश्र पिकातला खरा डोकेदुखीचा भाग आहे आणि व्हिडिओत तो कधीच नसतो.

अजून एक गोष्ट जी शेतकीच्या पुस्तकात नसते. भात कापलं की गावात गुरं मोकळी सोडतात. सगळं शेत मोकळं आणि मधे तुझा एकटीचा हिरवा चौकोन, तो किती दिवस राहील? आधी शेजारच्या दोन-तीन घरांशी बोल, चार जणांनी मिळून अळसांदे घातले तर कुंपण एकच लागतं आणि राखणीला पाळी लावता येते. रानडुकरं असतील तर मका त्यांना गोव्याच्या कुठल्याही कोपऱ्यात वासावरून सापडतो, तिथे नुसतं कडधान्यच बरं. मोर कोवळे कोंब टिपतात, पहिले दहा दिवस पोरांना पत्रे वाजवायला बसव, परीक्षा नसेल तर.

नवऱ्याच्या काजूला मी नाही म्हणणार नाही. मरडीचा वरचा दगडाळ भाग काजूलाच चांगला, सात-आठ मीटरवर कलमं लावायची, आणि पहिली तीन-चार वर्षं त्यांच्यामधे जी जागा रिकामी राहते तिथे सासूबाईंचा कुळीथ. घरातले तिघेही एका प्लॉटमध्ये बसतात बघ.

सासूबाईंना पटवायचं म्हणतेस तर पटवू नकोस, काम दे. बियाणं त्यांच्याकडून माग, त्यांच्या बरणीत राखेत ठेवलेले अळसांदे नक्की असणार. कुठल्या वेलाच्या शेंगा बियाण्याला ठेवायच्या हे त्यांना दिसतं, तुला-मला दिसत नाही. आणि ती गाठ नखाने चिरायचं काम पण त्यांच्याच हातून करून घे, आतला लाल रंग बघितला की त्या शेजारणीला सांगायला जातात की नाही ते मला कळव.

आणि हे सगळं नोव्हेंबरचं असलं तरी मातीचा नमुना पाऊस लागायच्या आधीच घे. मरडीचा वेगळा, खालच्या शेताचा वेगळा. शेणाच्या ढिगाजवळची आणि मेरेवरची माती नको, मधल्या सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खणून, सगळी एकत्र मिसळून, सावलीत सुकवून अर्धा किलो. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात नाहीतर जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दे, कृषी कार्ड बरोबर ने. पिशवीवर पेनाने लिहिशील तर घामाने पुसतं, आत चिठ्ठी पण टाक.